घर विकताना पुराचा आकडाही सांगा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांगलीहून हरिपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या जुन्या घरांवर ‘घर विकणे आहे’ अशा पाट्या गेल्या काही वर्षांत वारंवार दिसू लागल्या आहेत आणि रविवारी सकाळी पुण्या-मुंबईच्या गाड्या त्या घरांसमोर थांबलेल्या दिसतात. निवृत्तीनंतर झाडांच्या सावलीत, देवळाच्या आणि नदीच्या जवळ, अंगण असलेल्या घरात राहावे, ही त्या मंडळींची इच्छा मला पुरेपूर समजते, कारण २०१६ साली मी आणि माझे पती याच इच्छेने येथे आलो. मात्र या घरांच्या व्यवहारात एक गोष्ट मोकळेपणाने बोलली जात नाही, आणि ती कागदावर यावी एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ, जिथे पुराचे पाणी मोजतात तिथे, कृष्णेची पातळी किती फुटांवर गेली की या घराच्या जोत्याला पाणी लागते, हा एक आकडा प्रत्येक घरासाठी निश्चित करावा आणि तो खरेदीखतात नोंदवणे बंधनकारक करावे, अशी माझी मागणी आहे.

आमची दोघांचीही सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यात, कोरड्या मुलखात झाली. उमेदीची वर्षे टँकरची वाट पाहण्यात गेलेल्या माणसांना नदीकाठच्या घराचे किती अप्रूप असते, हे सांगलीकरांना सांगून कदाचित पटणार नाही. घर पाहायला आलो तो एप्रिल महिना होता. कापडपेठेतल्या दुपारच्या उन्हातून निघून हरिपूरच्या वाटेला लागलो आणि जुन्या चिंचांच्या सावलीत शिरताच पतींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पुढे संगमेश्वराचे देऊळ, घाटाखाली कृष्णा आणि वारणा यांचा संगम, आणि परत येताना ते घर: दगडी जोते, सागवानी खांब, मंगलोरी कौले, पुढे ओटा, मागे आड, आडाशेजारी रामफळाचे आणि चिंचेचे झाड. माजघरात उभे राहिले की मागच्या दारातून येणारा वारा पुढच्या दाराने बाहेर जाई. आम्ही खोल्या मोजल्या नाहीत की चौरस फुटांचा हिशेब केला नाही. त्या वाऱ्यातच आमचा निर्णय झाला.

पुराचे आम्ही विचारले नाही, असे नाही. २००५ चा पूर महाराष्ट्रात कोणाला आठवत नाही? मध्यस्थाने दिलेले उत्तर मला आजही शब्दशः आठवते. “ताई, हरिपूर म्हणजे पेवांचं गाव. पाणी येत असतं तर जमिनीखाली हळद ठेवली असती का कोणी?” या उत्तरात अर्धे सत्य होते आणि म्हणूनच ते पटले. हरिपूरची पेवे ही खरोखरच पाहण्यासारखी गोष्ट होती. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढे अरुंद, आत मात्र घागरीसारखे पोट असलेले खोल खड्डे, आणि भोवतालची माती अशी घट्ट की त्यात भरलेली हळद वर्षानुवर्षे कोरडी राहत असे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या लौकिकामागे या पेवांचा मोठा वाटा आहे. पण याच पेवांत २००५ च्या महापुराने पाणी शिरले आणि त्यांतली हळद कुजून गेली. पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित मानलेली जमीन त्या वर्षी सुरक्षित राहिली नव्हती. हे गावात सर्वांना माहीत होते, आम्हाला नव्हते, आणि ज्याने पेवांचा दाखला दिला त्याला तर नक्कीच माहीत असणार.

बाकी सगळे आम्ही रीतसर केले. वकिलांकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घेतला, मिळकत पत्रिका पाहिली, सूची क्रमांक दोनचे उतारे काढले, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. थोडे कर्ज काढायचे होते म्हणून बँकेचे मूल्यांकन करणारे अधिकारी येऊन भिंती मोजून आणि छायाचित्रे काढून गेले. या सगळ्या कागदांत घराच्या चारही दिशांना कोण राहतो हे लिहिलेले होते, घरावर कोणाचा बोजा नाही हे लिहिलेले होते, आडाच्या पाण्यावर कोणाचा हक्क आहे हेसुद्धा लिहिलेले होते. पाणी कुठवर आले होते, हे एकाही कागदात नव्हते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, म्हणजे धोक्याच्याही वर बारा फूट पाणी होते. ज्यांनी हा पूर पाहिलेला नाही त्यांची अशी समजूत असते की पाणी लोंढ्यासारखे नदीकडून धावत येते. आमच्याकडे ते मागून आले. वारणा आणि कृष्णा दोन्ही एकाच वेळी भरल्या की संगमापाशी फुगवटा धरतो, नाल्यांचे पाणी नदीत उतरायचे थांबते आणि नदीचेच पाणी नाल्यांतून उलटे वस्तीत शिरते. नदी अजून काठाच्या आत आहे असे पुढच्या ओट्यावरून दिसत असताना मागच्या परसात आडाभोवती पाणी साचलेले होते. ते बोटाबोटाने चढत होते, आवाज न करता. आम्ही कागदपत्रे, औषधे आणि देव्हारा घेऊन विश्रामबागेत नातेवाइकांकडे गेलो. परतलो तेव्हा घरात चार बोटे गाळ होता, सागवानी दारे फुगून चौकटीत अडकली होती, आणि भिंतीवर दाराच्या कपाळपट्टीच्याही वर एक सरळ तपकिरी रेघ उमटलेली होती.

पण मला खरा धक्का बसला तो दुसऱ्या रेघेने. माजघरातल्या खांबांना आणि भिंतींना छातीच्या उंचीपर्यंत प्लायवूडचे नवे अस्तर लावलेले होते. घर घेताना आम्हाला ते शोभेचे वाटले होते. पुराच्या पाण्याने ते सुटून लोंबू लागले, म्हणून गड्याने ते उचकटून काढले. आतल्या सागवानी खांबावर, जमिनीपासून साडेतीन फुटांच्या वर, कोयत्याच्या टोकाने कोरलेली आडवी रेघ होती आणि तिच्याखाली आकडे कोरलेले होते: २००५. त्या घरात पूर्वी राहणाऱ्या कोणीतरी, पुढच्यांना कळावे म्हणून, ती प्रामाणिकपणे कोरली होती. नंतर कोणीतरी, कळू नये म्हणून, तिच्यावर प्लायवूड ठोकले. खाली गाळात उभी राहून मी त्या रेघेवरून किती तरी वेळ हात फिरवत होते.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने पाहूनही न कळणारा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष उघड करणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. आम्ही त्या आधारे भांडायला गेलो नाही. विकणारे गृहस्थ वयोवृद्ध होते, ते मुलाकडे निघून गेले होते, आणि या वयात न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याची आमचीही तयारी नव्हती. शिवाय ‘दोष’ या शब्दात पूर बसतो की नाही, यावर दोन्हीकडचे वकील वर्षानुवर्षे बोलत राहिले असते. म्हणूनच हा वाद उरूच नये, अशी नोंद व्यवहाराच्या वेळीच व्हायला हवी असे मला वाटते.

पूररेषांचे नकाशे आहेतच, मग हा वेगळा आकडा कशाला, असा प्रश्न येईल. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे स्थूलमानाने सांगता येते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम जवळजवळ निषिद्ध आहे, आणि निळ्या व लाल रेषेच्या मध्ये बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर घ्यावे लागते. हे नियम नव्या बांधकामाला आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांच्या, उभ्या असलेल्या घराची खरेदी करताना यातले काहीच आडवे येत नाही. आणि नकाशावरची रेषा जमीन दाखवते, घर दाखवत नाही. आमच्याच गल्लीत शेजारी-शेजारी असलेल्या घरांच्या जोत्यांत तीन-चार फुटांचा फरक आहे. जुन्या लोकांपैकी काहींनी जोती कमरेएवढी उंच घेतली, त्यांच्या घरात २००५ साली पाणी आले नाही. त्याच रांगेत ज्यांनी दोन पायऱ्यांवर भागवले, त्यांच्याकडे माणूस बुडेल इतके आले.

पुलाचा आकडा मात्र सांगलीत लहान मुलालाही कळतो. पावसाळ्यात येथे कोणी “पाऊस किती?” असे विचारत नाही, “आज किती फूट?” असे विचारतात. चाळीस जवळ आले की सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या भागांतल्या लोकांनी बांधाबांध सुरू केली असणार, हे गावभागातल्या माणसाला न सांगता कळते. १९२९ साली बांधलेल्या त्या पुलाने शहराला एक सामाईक पट्टी दिली आहे. प्रत्येक घराचे जोते त्या पट्टीवर कुठे येते एवढेच काय ते ठरवायचे आहे, आणि ते अवघड नाही हे मी स्वतः करून पाहिले आहे.

२०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी चढू लागले तेव्हा सामान वर हलवून झाल्यावर मी ओट्यावर वही घेऊन बसले. मोबाइलवर पुलाची पातळी येत होती, ती एका बाजूला आणि आमच्या कोणत्या पायरीला पाणी लागले ते दुसऱ्या बाजूला लिहीत गेले. ओट्याची वरची पायरी भिजली तेव्हा पुलावर ५० फूट होते. म्हणजे आमच्या घराचा आकडा ५०. पुढे त्या वर्षी पुलाजवळ पाणी ५४ फुटांच्या पलीकडे गेले आणि आमच्या खांबावर साडेचार फुटांशी थांबले. पूल ते घर एवढ्या अंतरात नदीला थोडा उतार असल्यामुळे हिशेब तंतोतंत जुळत नाही, वितीएवढा फरक राहतो. घर घेणाऱ्याला तेवढी अचूकता पुरेशी आहे. नंतर एका गवंड्याला बोलावून, लेव्हल घेण्यासाठी ते वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी धरून, आमच्या खांबावरची रेघ गल्लीतल्या एकेका घराच्या जोत्याशी ताडून पाहिली. एका दिवसात अकरा घरे झाली. सर्वात खालच्या घराचा आकडा ४७ आला, सर्वात वरच्याचा ५४.

माझ्या मागणीला शेजाऱ्यांकडूनच विरोध आहे आणि त्या विरोधामागची काळजी खरी आहे. आमच्या पलीकडच्या एका भगिनींचे घर हीच त्यांची पुंजी आहे. ते विकून मुलीजवळ जावे, असा त्यांचा विचार आहे. त्यांनी मला विचारले, “बाई, हा आकडा दारावर लिहिला तर माझं घर घेणार कोण?” यावर सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. त्यांना चार पैसे कमी येतील, हे शक्य आहे. पण आज काय होते तेही पाहिले पाहिजे. माहीतगार सांगलीकर आकडा मनात धरूनच भाव करतो. पूर्ण किंमत मोजतो तो बाहेरून आलेला, अनभिज्ञ माणूस. शिवाय दोन महापुरांनंतर सारा नदीकाठच ‘पूरपट्टा’ म्हणून एका मापाने मोजला जाऊ लागला आहे, त्यात ५४ आकड्याच्या घराला ४७ च्या घराचा भाव मिळतो. त्या भगिनींच्या घराचे जोते उंच आहे. त्यांचा आकडा ५३ आहे, आणि तो लिहिला गेला तर २००५ साली त्यांच्या घरात जेमतेम घोटा बुडेल इतके पाणी आले होते, हे त्यांना कोणाला शपथेवर सांगावे लागणार नाही.

यात झाडांचाही संबंध आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. आकडा न कळता घर घेणाऱ्या कुटुंबाचे पुढे काय होते, ते मी डोळ्यांदेखत पाहिले आहे. पहिल्या महापुरात ते खचते, घराला कुलूप लावून विश्रामबागेकडे, धामणी रस्त्याकडे भाड्याने राहायला जाते आणि वर्षा-दोन वर्षांत जागा मिळेल त्या भावाने विकते. मग वाडा पाडला जातो, सागवान वेगळे विकले जाते, परसातली चिंच तोडली जाते आणि सगळ्या जागेवर मुरमाचा भराव पडतो. उंच झालेल्या त्या जागेवरचे पाणी पुढच्या पावसात शेजारच्या अंगणात उतरते आणि तिथेच तुंबते. म्हणजे शेजारच्या घराचा आकडाही नकळत बिघडतो. ज्या सावलीसाठी लोक येथे घर घ्यायला येतात, ती सावली अशी एकेका परसातून नाहीशी होत आहे. आकडा जाणून घेतलेले कुटुंब त्या तयारीने राहते, आणि राहते म्हणूनच झाडही राहते.

अशी तयारी करून राहता येते, हे मी अनुभवाने सांगते. २०१९ नंतर आम्ही विजेची सगळी बटणे आणि जोडण्या पाच फुटांच्या वर नेल्या. स्वयंपाकघरातली प्लायवूडची कपाटे काढून कडाप्प्याच्या फळ्या बसवल्या. सिमेंटचा गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा केला, कारण चुन्याची भिंत पाणी पिते तशी ते सोडतेही. सिमेंटखालची ओल मात्र होळीपर्यंत गेली नव्हती. धान्य, अंथरुणे आणि कागदपत्रे माळ्यावर असतात. घराचा विमा उतरवला. २०२१ च्या एप्रिलपासून सर्व विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ या नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते आणि तिच्यात पुराचे नुकसान समाविष्ट आहे, हे नदीकाठच्या अनेकांना अजून माहीत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. २०२१ च्या पुरात आमचे नुकसान २०१९ च्या मानाने फारच थोडे झाले. पुलावर ४६ फूट झाले की घर सोडायचे, हे आमचे आता ठरलेले आहे, आणि त्यामुळे रात्री झोप लागते.

कृष्णेवरील कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४ मीटरपर्यंत वाढू द्यावी की नाही, वरच्या बाजूच्या कोयना धरणातून पाणी केव्हा आणि किती सोडावे, हे मोठे वाद चालू आहेत आणि ते चाललेच पाहिजेत, कारण त्यांवर लाखो लोकांचे भवितव्य अवलंबून आहे. परंतु ते वाद मिटेपर्यंत घरांची खरेदी-विक्री थांबत नाही. महापालिकेने आणि हरिपूर ग्रामपंचायतीने येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गल्लीत एका पक्क्या खांबावर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पातळ्या रंगवाव्यात. त्या खांबावरून घराघराचा आकडा काढून तो घरपट्टीच्या नोंदीत घ्यावा. नोंदणी विभागाने नदीकाठच्या मिळकतींच्या खरेदीखतात त्यासाठी एक रकाना ठेवावा. यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही. आमच्या गल्लीतल्या अकरा घरांचे आकडे, मोजणीची वही आणि ज्या गवंड्याने नळी धरली त्याचा जबाब, असे सर्व मी संबंधित कार्यालयांत स्वतः आणून देण्यास तयार आहे. खांबावरची कोयत्याची रेघ पाहायला कोणीही यावे. प्लायवूड आम्ही पुन्हा लावलेले नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
हरिपूर रस्ता, सांगली